ब्रॅनिकची रिकामी खुर्ची

सकाळी मी लाकडाच्या हीटरमधली आदल्या दिवशीची राख बादलीत काढत होते. टोस्टरमध्ये पाव होता, बाहेर पाऊस येऊ की नको करत होता, आणि दोरीवरचे कपडे आत घ्यावेत की राहू द्यावेत यावर माझं नि ढगांचं रोजचं भांडण चाललं होतं. तेवढ्यात पुढचं दार वाजलं.

पुढचं दार वाजलं म्हणजे काहीतरी बिनसलं. आमच्या कूपर्स हेडमध्ये ओळखीचा माणूस मागच्या अंगणातून, कुत्र्याशी दोन शब्द बोलून, जाळीच्या दाराशी येऊन हाक मारतो. पुढचं दार वाजवणारा एकतर धर्मप्रचारक असतो, नाहीतर अपराधी.

अपराधीच होता. डॅरन. नेबरहूड हाऊसमध्ये, म्हणजे गावाच्या समाजघरात, दर गुरुवारी दुपारी व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांचं मंडळ भरतं, ते चालवणारा. तीन-चार वर्षांपूर्वी मेनलँडवरून, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरच्या मेलबर्नहून, आमच्या टास्मानिया बेटावर आला, माणूस लाखमोलाचा. छातीपर्यंत दाढी, असल्या थंडीतही अर्ध्या बाह्यांचा शर्ट, आणि हातात लॅमिंग्टन केकचा खोका.

"सू, नोलने मला हाकललं," तो म्हणाला. माझं सुनंदा हे नाव इथे पहिल्याच आठवड्यात 'सू'वर आलं होतं.

"केक खाऊन, की न खाता?"

"केकसकट. सत्तरावा वाढदिवस आहे तिचा! मी भेट घेऊन गेलो होतो. तू एकदा जाऊन बघ ना. ती माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती."

मी विचारलं, काय दिलंस असं? तेव्हा तो उंबऱ्यावर उभ्याउभ्याच सांगू लागला, आणि मी हातातली राखेची बादली खाली ठेवली.

नोल म्हणजे नोलीन स्ट्रिकलंड, माझी शेजारीण. शाळेच्या कँटीनमध्ये तिची हयात गेली. गावातल्या चाळिशीच्या आतल्या कोणालाही विचारा, तिच्या हातचा सॉसेज-रोल खाऊनच तो मोठा झालेला असतो. नवरा ग्रॅम ऊन हवं म्हणून क्वीन्सलंडला गेला तो तिथलाच झाला. त्याबद्दल ती एवढंच म्हणते, "त्याला ऊन मिळालं, मला पलंगाची दुसरी बाजू मिळाली. दोघंही खूश." साठीच्या आसपास घोट्याचं हाड मोडून ती घरात अडकली, तेव्हा भाच्याने आपला जुना गेमचा डबा तिच्या टीव्हीला जोडून दिला. तिथपासून ती 'लँटर्न फ्लीट' खेळते.

त्यात तुम्ही एका अवकाशयानाचे कप्तान असता. तीन भाग आहेत. पहिल्या भागात तुम्ही ज्याला जे बोललात, ज्याचं जे केलंत, ते दुसऱ्या भागात तुमच्यापुढे येतं आणि तिसऱ्यात तुम्हाला पुरून उरतं. दुसऱ्या भागात एक बर्फाचा चंद्र आहे. तिथला मुक्कामाचा तळ वादळात फुटतो. एका बाजूला प्रवाशांनी भरलेलं दालन आणि दुसऱ्या बाजूला ब्रॅनिक, यानाचा म्हातारा इंजिनीयर. वेळ एकाच बाजूपुरता असतो. नोलने प्रवाशांना घेतलं आणि ब्रॅनिकच्या बाजूचं दार बंद केलं. तिसऱ्या भागात जेवणाच्या टेबलापाशी त्याची खुर्ची रिकामी असते.

बहुतेक सगळे खेळाडू अशा वेळी मागे जातात. खेळ प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला आपोआप एक खूण ठेवतो. मन बदललं की त्या खुणेपाशी जायचं आणि वेगळं वागून बघायचं. नोल कधी मागे गेली नाही. पहिल्यापासून शेवटापर्यंत एकच प्रवास, पुन्हा पहिल्यापासून खेळली तरी बर्फाच्या चंद्रावर तोच निर्णय, तीच खुर्ची.

आणि डॅरनने काय केलं होतं? तिचा डबा तापून बंद पडायचा म्हणून त्याच्याकडे दुरुस्तीला होता. पंखा बदलला, धूळ काढली, आणि मग प्रेमाने पंधरा दिवस खपून, तिच्याच प्रवासात मागे जाऊन, ब्रॅनिकला वाचवलं. प्रवासीही वाचले. असा एक आडवळणाचा मार्ग आहे म्हणे: पहिल्या भागात कुठल्याशा बंदरावरून जुना पंप उचलायचा, एका मद्यप्याची चार कामं करायची, मग तो पंप बर्फावर कामी येतो. हे सगळं करून त्याने तिचा जुना प्रवास पुसून त्या जागी हा नवा ठेवला.

"सगळे जिवंत, सू!" डॅरन म्हणाला. "एकूण एक माणूस! लोक याला सोन्याचा शेवट म्हणतात. मला वाटलं ती रडेल."

"आणि?"

"तिने लाटणं उचललं."

मी कपाळाला हात लावला. कपडे दोरीवर भिजत राहिले आणि मी मागच्या दाराने नोलकडे गेले.

ती स्वयंपाकघरात पीठ लाटत होती. गुरुवारी मंडळात प्रत्येकाने काहीतरी खायला न्यायचं असतं; तिचे करी घातलेल्या शिंपल्यांचे 'पाय', म्हणजे सारण भरून भाजलेले कानवले, ठरलेले. पण त्या दिवशी पीठ लाटत नव्हती, त्याला शिक्षा करत होती.

"वकील म्हणून पाठवलं का तुला?"

"मी आपणहून आले. पण तो रस्त्यावर उभा आहे. भिजतोय."

"भिजू दे. मेनलँडवर पाणी जपून वापरतात, इथे फुकट आहे."

टीव्ही चालू होता. पडद्यावर यानातलं जेवणघर, आणि टेबलाशी एक टकला म्हातारा सूप पीत बसलेला. नोलने पिठाच्या हाताने त्याच्याकडे बोट केलं.

"बघ. जेवतोय. मी इतकी वर्षं त्या खुर्चीजवळून जाताना पाऊल हळू टाकतेय, आणि हा सूप पितोय. मला म्हणाला काय माहितीये? 'कप्तान, आज उशीर केलास.'"

"अगं, वाचला तर बरंच झालं ना?"

मी मुद्दामच म्हटलं. तिला बोलू दिल्याशिवाय ती निवत नाही हे मला ठाऊक आहे.

"बरंच झालं. ज्याने वाचवला त्याच्या घरी जाऊन सूप पी म्हणावं. मी दार लावलं होतं, सू. माझ्या हाताने. ते आता कुणी लावलेलंच नाही."

तिच्या पाठीमागे खुंटीवर हिरवं जॅकेट टांगलेलं होतं. अँब्युलन्सच्या स्वयंसेवकांचं. त्याची गोष्ट गावातल्या सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून ती कोणी सांगत नाही, आणि म्हणूनच डॅरनला ती कळलेली नव्हती.

लहान गावांत आमच्याकडे अँब्युलन्स गावकरीच चालवतात. कँटीन सांभाळून नोल त्यात होती. तिला सगळं शिकवलं रॉन हेझलवुडने. तो शेतकरी, अंगाने बैलासारखा, आणि विनोद असे की पेशंटने टाके पडताना हसावं. एका रविवारी दुपारी डोंगररस्त्यावर गाडी दरीत गेली, आत दोन शाळकरी मुली. नोल आणि चालक निघाले, आणि गावाबाहेर पडता पडता दुसरा निरोप आला: रॉनच्या छातीत कळ आलीये, घरी एकटाच आहे. अँब्युलन्स एक. नोल म्हणाली, डोंगरावर चल. बर्नी शहरातून दुसरी गाडी येईपर्यंत रॉन गेला होता. मुली वाचल्या. त्यातली एक आता आमच्या पोस्टात आहे. नोल पार्सल घेऊन जाते, दोघी पावसापाण्याचं बोलतात आणि नोल परत येते.

लोकांनी तिला दोष दिला नाही. तेच तर झालं. रॉनच्या बायकोपासून दूधवाल्यापर्यंत प्रत्येकाने तिला सांगितलं, तुझी काही चूक नव्हती गं, आणि त्याच दमात प्रत्येकाने एकेक मार्गही सांगितला. दुधाचा टँकर त्याच वेळी रॉनच्या फाटकाशी होता, त्याला फोन केला असतास तर. चालकाला डोंगरावर पाठवून तू उतरली असतीस तर. मीही त्या वेळी काहीतरी बोललेच असेन. नोल ऐकून घ्यायची. तिने जॅकेट उतरवलं नाही. वयाने सक्तीने घरी बसवेपर्यंत ती अँब्युलन्सवर जात राहिली.

आता त्या मंडळापुढे एक प्रश्न होता. 'लँटर्न फ्लीट'ची कंपनी तिन्ही भाग नव्याने आणणार होती आणि जगभरच्या मंडळांना तिने मत विचारलं होतं: नव्या आवृत्तीत ब्रॅनिक सगळ्यांसाठीच जिवंत ठेवायचा का? ज्यांनी जुना प्रवास जपून ठेवलाय, त्यांच्यासाठीही? खेळाडूंच्या ऑनलाइन अड्ड्यावर याचं रणच माजलं होतं. दहातले नऊ जण 'हो' म्हणत होते. नोल रोज सकाळी चष्मा लावून तिथे 'नाही' लिहायची. एकाने तिला लिहिलं, आजी, गुडघे दुखतात म्हणून मागे वळत नाहीस का? तिने उत्तर दिलं, गुडघे ठणठणीत आहेत बाळा, मान तेवढी तुझ्यासारखी घुबडाची नाही.

डॅरनला मंडळाचं मत एकमताने पाठवायचं होतं. ब्रॅनिक जिवंत बघितला की नोल विरघळेल, असा त्याचा हिशेब. प्रेम आणि राजकारण त्याने एकाच खोक्यात घालून आणलं होतं, लॅमिंग्टनसकट.

दुपारी मी तिला म्हटलं, आज नको जाऊस. ती म्हणाली, "पाय केलेत. ते काय कुत्र्याला घालू?" आणि डबा बगलेत मारून निघाली. गेमचा डबा.

समाजघराच्या मोठ्या खोलीत हीटर लावलेला होता. मंडळात तशी बरीच नावं आहेत, पण हवा बघून त्या दिवशी चौघंच आले होते. डॅरन, नोल, चीजच्या कारखान्यात काम करणारी टालिया, नाकात रिंग, जिभेवर धार, आणि मर्व्ह, जो उमेदीत समुद्रात बुडी मारून अबॅलोनी नावाचे महागडे शिंपले काढायचा आणि आता कानाने कमी ऐकतो. मी चहाला मदत करायला म्हणून गेले होते.

नोलने पायांची ताटली टेबलावर ठेवली आणि डॅरनपुढून तिसऱ्यांदा नेली तेव्हा त्याला कळलं की त्याला मिळणार नाही.

"चला, मतं सांगा," तो कसंबसं म्हणाला. "टालिया?"

"पहिला भाग सगळ्यात भारी," टालिया म्हणाली. "त्यात माणसं बोलायची. दुसऱ्यात नुसता गोळीबार. तिसऱ्यात रडारड. ब्रॅनिक जिवंत ठेवा. माझं मत हो."

"मर्व्ह?"

"काय?"

"ब्रॅनिक! ठेवायचा का जिवंत?"

"माझ्या यानावर कोणीच जिवंत नाही," मर्व्ह म्हणाला. "मी ते बोलणंबिलणं सगळं बटण दाबून पुढे पळवतो. कोण कोणाचा इंजिनीयर, काय कळत नाही. चांगलं चाललंय माझं. हो लिहा."

टालिया खो-खो हसली. नोलसुद्धा हसली. मग डॅरन तिच्याकडे वळला.

"नोल?"

"नाही."

"नोल, अगं ऐक तरी. मी आज तुझं मन दुखवलं, कबूल. पण विचार कर. दुसरा मार्ग आहे, तो तुला तेव्हा माहीत नव्हता, एवढंच. आता माहीत आहे. मग म्हाताऱ्याला मारून काय मिळतं?"

"टालियाने मला तो मार्ग सांगितलाय. मर्व्हनेही सांगितलाय, स्वतः न खेळता. जगातल्या निम्म्या पोरांनी सांगितलाय. पंप उचलायचा, दारुड्याची कामं करायची. पाठ आहे मला."

"मग?"

"मग काही नाही. मला तेव्हा माहीत नव्हतं. जे माहीत होतं त्यावर मी ठरवलं. ते माझं आहे."

टालियाने हातातला अर्धा खाल्लेला पाय ताटलीत ठेवला. "पण नोल, तू एकटी नाहीस ना खेळणारी. मी दिवसभर चीजच्या पट्ट्यापाशी उभी असते. पाय सुजतात. घरी गेल्यावर मला एक तरी जागा हवी जिथे सगळे वाचतात. त्यात तुझं काय जातं?"

मला वाटलं आता नोल तिला सोलणार. पण ती तिच्याकडे वळून म्हणाली, "काही जात नाही गं. तुझ्या यानावर तू सगळ्यांना वाचव. दोन-दोनदा वाचव. मी कधी तुझ्या घरी येऊन कोणाला मारलंय का?"

"नाही."

"मग माझ्या घरी येऊन कोणी कोणाला जिवंत का करावं?"

डॅरनने दाढीत बोटं घातली. "पण हा खेळ आहे, नोल! खेळात मागे जाता येतं, म्हणून तर खेळतो आपण."

"तू त्यासाठी खेळतोस. मी मागे जाता येत असतानाही न जाण्यासाठी खेळते."

मर्व्हने कानामागे हात धरला होता; हे त्याला ऐकू आलं होतं, आणि तो गावचाच असल्यामुळे पुढे काय येणार तेही त्याला कळलं होतं. त्याने आपली टोपी काढून मांडीवर ठेवली.

"डॅरन, तुला कोणी सांगितलं नाही वाटतं," नोल म्हणाली. "रॉन हेझलवुड नावाचा माझा मित्र होता. त्याच्या छातीत कळ आली आणि मी त्याच्याकडे गेले नाही. डोंगरावर दोन पोरी होत्या, तिकडे गेले. अँब्युलन्स एकच होती."

डॅरनचा हात दाढीतच राहिला.

"थांब, तोंड उघडू नकोस. तू आता म्हणणार, तुझी काही चूक नव्हती. सगळे म्हणतात. सगळ्यांनी घाईघाईने मला माफ करून टाकलंय. अरे, पण मी गुन्हा केला कुठे होता? माफी कसली? आणि माफ करून झालं की हळूच सांगतात, टँकरवाल्याला फोन केला असतास तर. मी तेव्हा चालत्या गाडीत होते, मला टँकर दिसत नव्हता. मला आज परत तिथे नेऊन ठेव, तेवढीच माहिती दे, मी परत डोंगरावरच जाईन. रॉननेच शिकवलं होतं मला: जिथे जास्त जीव, तिथे आधी. हे वाक्य मला या गावात कोणी पुरं करू देत नाही. त्या खेळात करू देतात. दार लावते, पुढे जाते, खुर्ची रिकामी असते, आणि कोणी येऊन पाठीवर थोपटत नाही. मला ती खुर्ची तिथे हवी आहे. बस."

टालियाच्या नाकातली रिंग हलत होती. ती नाक ओढत होती, पण आवाज होऊ देत नव्हती.

"मला ठाऊक नव्हतं," डॅरन म्हणाला.

"माहीत आहे. म्हणून तर लाटणं फेकलं नाही, नुसतं उचललं."

त्याने खिशातून फोन काढला आणि कंपनीला पाठवायचं मत आमच्यासमोर लिहायला बसला. "तिघांचं हो," तो पुटपुटत लिहीत होता. "एकीचं नाही."

"नावानिशी लिही," नोल म्हणाली. "नोलीन स्ट्रिकलंड, कूपर्स हेड. आणि लिही, की नव्यांना काय द्यायचं ते द्या, पण ज्यांनी दार लावलंय त्यांच्या दाराला हात लावू नका."

"माझं पण तसंच लिही," टालिया म्हणाली. "माझा जिवंत, तिचा मेलेला. ज्याचा त्याचा."

"एकमताचं काय मग?" डॅरन म्हणाला, आणि स्वतःच हसला.

"एकमत मेनलँडवर मिळतं," मर्व्ह म्हणाला. "इथे शिंपल्याचे पाय मिळतात. त्याला एक दे गं, नोल. पोराचं तोंड बघवत नाही."

नोलने ताटली डॅरनपुढे सरकवली. मग तिने आपला डबा मोठ्या पडद्याला जोडला. पडद्यावर पुन्हा जेवणघर आलं आणि ब्रॅनिकने वाटीतून डोकं वर काढलं. तिने खेळ मागे नेला, बर्फाच्या चंद्राच्या सुरुवातीच्या खुणेपाशी. कधी मागे न गेलेली ही बाई, दुसऱ्याने पुसलेलं आपलं परत लिहिण्यासाठी मागे चालली होती. डॅरनने ते बघून मान खाली घातली.

"आज पुरं करणार?" मी विचारलं.

"दारापर्यंत. पुढचं घरी जाऊन."

पंपाची पेटी डॅरनने उचलून ठेवली होती ती यानात तशीच होती. तिने ती उघडली, बघितली, आणि बर्फावर पाऊल ठेवण्याआधी तिथेच ठेवून दिली. वादळ सुरू झालं. तळाची भिंत तडकत गेली. एका बाजूला काचेमागे माणसांची गर्दी, लहान मुलं, काचेवर तळवे. दुसऱ्या बाजूला लांब बोळाच्या टोकाला कंदील धरून ब्रॅनिक. टालिया खुर्चीच्या कडेवर येऊन बसली होती. डॅरनच्या हातातला पाय तसाच होता, आणि त्याने श्वास घेतलेला मला ऐकू आला, काहीतरी सांगण्याआधी घेतात तसा.

नोलने पडद्यावरून नजर काढली नाही. अंगठा बटणावर ठेवून ती म्हणाली, "आज माझा वाढदिवस आहे, तर एकच मागते. मी हे दार लावेन तेव्हा कोणी मला सांगू नका, की दुसरा मार्ग होता."